दोघांपैकी कोणीही न ऐकलेला संवाद : दूरस्थ पॉडकास्ट मुलाखतीतील स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांची चिकित्सा

बीजसंज्ञा : पॉडकास्ट, मुलाखत, स्वतंत्र ध्वनिपट्टी, हुंकार, मौखिकता, पाठसंपादन

प्रस्तावना

मुलाखत हा मराठी वाङ्मयव्यवहारातील लोकप्रिय प्रकार असला तरी समीक्षेने त्याकडे बहुतांशी साधन म्हणूनच पाहिले आहे. लेखकाच्या मुलाखतीतून त्याच्या लेखनाविषयी काय कळते, कार्यकर्त्याच्या मुलाखतीतून चळवळीविषयी काय कळते, एवढेच विचारले गेले. मुलाखत मुळात कोणत्या यंत्रावर उतरवली गेली आणि वाचकाच्या वा श्रोत्याच्या हाती येण्यापूर्वी तिच्यात काय काय फिरवले गेले, हे प्रश्न तंत्रज्ञांचे मानून बाजूला ठेवले गेले. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर मात्र हे प्रश्न बाजूला ठेवणे अवघड झाले. मुलाखतकार एका घरात, पाहुणा दुसऱ्या गावात आणि दोघांमध्ये इंटरनेटची जोडणी, अशी मुलाखत त्या काळात गरज म्हणून रूढ झाली आणि गरज सरल्यावरही टिकून राहिली. महाविद्यालयांतील वेबिनार, साहित्यिकांशी ऑनलाइन गप्पा, परदेशस्थ मराठी माणसांच्या मुलाखती ही तिचीच रूपे होत.

या मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणाची आज सर्वमान्य झालेली रीत अशी, की प्रत्येक बोलणाऱ्याचा आवाज वेगळ्या फाइलीत, म्हणजे स्वतंत्र ध्वनिपट्टीवर, साठवायचा आणि नंतर संपादकाने त्या पट्ट्या एकत्र जुळवायच्या. ही रीत 'शुद्ध आवाजा'ची हमी म्हणून शिफारसली जाते, आणि आवाजापुरती ती शिफारस रास्तच आहे. परंतु या रीतीने संवादाचे स्वरूपच बदलते आणि तो बदल श्रोत्याला कळत नाही. प्रस्तुत लेखात या बदलाची चिकित्सा मराठी मौखिक परंपरेच्या संदर्भात केली आहे. पट्टी वेगळी करणे हे तांत्रिक काम वाटले तरी परिणामाने ते पाठसंपादन आहे, आणि पाठसंपादनाला जे नियम आपण लावतो ते येथेही लावले पाहिजेत, अशी लेखाची भूमिका आहे.

एका कर्ण्यापासून एका माइकपर्यंत

भारतातील आरंभीची व्यापारी ध्वनिमुद्रणे, उदाहरणार्थ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास मुद्रित झालेले गौहरजान यांचे गायन, एका कर्ण्यासमोर झाली. त्या पद्धतीत गायक, सारंगीवादक आणि तबलजी यांच्या आवाजाचे प्रमाण ठरविण्याचा एकच उपाय होता : कोणी कर्ण्याजवळ बसायचे आणि कोणी लांब. पुढे माइक आला, विजेवर चालणारे मुद्रण आले. तरी सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणी आवाज करावयाचा हे मूलतत्त्व बराच काळ तसेच राहिले.

कोल्हापूरकरांना या टप्प्याचा इतिहास घरचाच आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. कंपनीच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी विष्णुपंत दामले यांनी उचलली होती. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे हे पडद्यावर दिसणारे कलावंतच त्यात गात होते. आरंभीच्या बोलपटांत गाणे चित्रीकरणासोबतच मुद्रित करण्याचा प्रघात होता. वादक कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसत. एखाद्याचा सूर चुकला तर चूक त्या एकाची, पण पुन्हा गावे-वाजवावे लागे सगळ्यांनाच. १९३३ साली प्रभात पुण्यास गेली. १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'पासून पार्श्वगायन रूढ होऊ लागले आणि चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा ही विभागणी प्रेक्षकांनी फारशी कुरकुर न करता मान्य केली. पुढे अनेकपट्टी मुद्रण आल्यावर युगुलगीतातील दोन गायक एकमेकांना न भेटताही गाऊ लागले.

मग संवादाच्या बाबतीतच तक्रार का करावी, असा आक्षेप येथे घेता येईल. त्याचे उत्तर प्रकारभेदात आहे. चित्रपटगीत आपण रचलेली कलाकृती म्हणून ऐकतो. ते 'घडले' असा त्याचा दावाच नसतो. मुलाखतीचा दावा मात्र नेमका तोच असतो : अमुक प्रश्न विचारला गेला, त्यावर अमुक उत्तर आले, मध्ये इतकी शांतता होती. या दाव्यावरच तिचे वाङ्मयीन आणि ऐतिहासिक मूल्य उभे असते. एका माइकवरच्या मुद्रणात हा दावा राखण्याची तरतूद त्या साधनातच होती. दोघे एकदम बोलले की आवाज एकमेकांत असे गुंतत, की एकाला कापायचे तर दुसऱ्यालाही इजा होई. सबंध वाक्य गाळता येत असे, नाही असे नाही. आकाशवाणीच्या टेपा ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडल्याच जात. पण एकाच्या तोंडचा शब्द दुसऱ्याच्या बोलण्याखालून अलगद काढून घेणे शक्य नव्हते. त्या मुद्रणाची राखण त्याचा गुंताच करीत होता.

फोनवरच्या पाहुण्याचा दर्जा

स्वतंत्र पट्टीच्या बाजूने जे म्हणावयाचे ते आधी पूर्ण म्हटले पाहिजे, कारण ते थोडे नाही. रेडिओवरील फोन-इन कार्यक्रम आठवावेत. निवेदकाचा आवाज स्टुडिओतील चांगल्या माइकवरून येई, भरदार आणि जवळचा. श्रोत्याचा आवाज टेलिफोनवरून येई आणि जुन्या टेलिफोनव्यवस्थेत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेला जात असल्याने तो चिरका, अर्धवट आणि दूरचा वाटे. गगनबावड्याहून वा चंदगडहून बोलणारा शेतकरी कितीही नेमके बोलला तरी त्याचा आवाज तक्रार केल्यासारखा वाटावा आणि निवेदकाचा आवाज निवाडा दिल्यासारखा, अशी ही उतरंड होती. ती कोणी हेतुपुरस्सर रचलेली नव्हती, एवढेच.

मराठीच्या बाबतीत या अरुंद पट्ट्याने आणखी एक नुकसान केले. 'जगणे'मधला दंत्य 'ज' आणि 'जगत'मधला तालव्य 'ज', 'चारा'तला 'च' आणि 'चार'मधला 'च' हे भेद लिपीत दिसत नाहीत, ते कानानेच कळतात. हे भेद ज्या घर्षणाच्या सुसकाऱ्यावर बरेचसे अवलंबून असतात, त्याचा मोठा भाग उच्च कंप्रतेत असतो. टेलिफोनच्या पट्ट्यात तो कापला जाई. संदर्भाने अर्थ कळतो, त्यामुळे श्रोत्याचे अडत नाही. पण बोलीच्या अभ्यासकाचे अडते. पाहुण्याचा आवाज त्याच्याच गावी, त्याच्याच यंत्रावर पूर्ण पट्ट्यासह मुद्रित झाला तर ही उणीव भरून निघते.

येथे एक गल्लत वारंवार होते. आवाज वेगवेगळ्या फाइलींत असणे आणि आवाज उगमापाशी मुद्रित होणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. झूमसारख्या साधनात आपल्या संगणकावर मुद्रण करताना प्रत्येक सहभागीची फाइल वेगळी ठेवण्याची सोय आहे. परंतु त्या फाइलीत इंटरनेटवरून जसा आला तसाच आवाज असतो : दाबून लहान केलेला, मध्येच तुटलेला, गोंगाट कमी करण्याच्या प्रक्रियेतून गेलेला. पट्टी वेगळी, आवाज मात्र तोच घायाळ. रिव्हरसाइड, झेनकास्टर यांसारख्या सेवा पाहुण्याच्या यंत्रावरच मुद्रण करतात आणि ती फाइल मागाहून वा बोलणे चालू असतानाच हळूहळू वर चढवतात. मध्ये जोडणी क्षणभर तुटली तरी मुद्रण तुटत नाही. यांपैकी काहीही न वापरता हेच काम साध्या रीतीनेही होते. पाहुण्याने एका फोनवर कानात इअरफोन घालून बोलावे, दुसरा फोन तोंडाजवळ ठेवून त्यात स्वतःचा आवाज मुद्रित करावा आणि आरंभी एक टाळी वाजवावी, म्हणजे जुळवणीला खूण मिळते. इअरफोन नसेल तर मुलाखतकाराचा आवाज पाहुण्याच्या पट्टीत पाझरतो आणि वेगळेपणाचा सारा उद्देश फसतो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट या मापाने एका तासाची एकपदरी असंकुचित फाइल सुमारे ३४६ मेगाबाइट होते. ग्रामीण भागातील जोडणीवर ती पाठवायला वेळ लागेल, पण अशक्य असे त्यात काही नाही. ज्या महाविद्यालयांना मौखिक इतिहासाचे प्रकल्प हाती घ्यायचे आहेत, त्यांना निधीच्या अभावाची सबब येथे तरी फारशी सांगता येणार नाही.

खरी वेळ कोणाची?

आता या पट्ट्या जुळवताना काय होते ते पाहू. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण लेखाचा मुख्य मुद्दा त्यावरच उभा आहे.

समोरासमोरच्या बोलण्यात एकाचे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत फार थोडे अंतर असते. वेगवेगळ्या खंडांतील दहा भाषांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधील हे अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, आढळले. मराठी त्या दहांत नव्हती. पण भाषाभाषांतील फरक त्या अभ्यासात लहानच दिसले. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणांना बाध येत नाही. म्हणजे 'चांगली' म्हणवणारी जोडणीही बोलण्यातल्या नैसर्गिक अंतराच्या जवळपास जाईल एवढा विलंब आणू शकते.

समजा, कोल्हापुरातील मुलाखतकाराने प्रश्न संपवला. तो सांगलीतील पाहुण्याला १५० मिलिसेकंदांनी ऐकू आला. पाहुण्याने नेहमीप्रमाणे २०० मिलिसेकंदांत उत्तर सुरू केले. त्या उत्तराला कोल्हापुरात पोहोचायला आणखी १५० लागले. पाहुण्याच्या कानी अंतर २००, मुलाखतकाराच्या कानी ५००. पाहुण्याला वाटते, आपण चटकन बोललो. मुलाखतकाराला वाटते, पाहुणा अडखळला. पुढच्या प्रश्नाच्या वेळी हेच उलट होते. आता दोन्ही यंत्रांवरच्या पट्ट्या घड्याळाच्या वेळेनुसार तंतोतंत जुळवल्या तर हे अंतर ३५० भरते. हा आकडा दोघांपैकी कोणाच्याच अनुभवात नव्हता. मुलाखतकाराच्या कानाप्रमाणे जुळवले तर पाहुणा मंद ठरतो, पाहुण्याच्या कानाप्रमाणे जुळवले तर मुलाखतकार. एका खोलीतील संवादाला एकच काळ असतो; दूरस्थ संवादाला दोन असतात, आणि जुळवलेल्या मुद्रणात तिसराच तयार होतो.

त्यात यंत्रांची घड्याळेही सारखी चालत नाहीत. दोन यंत्रांच्या नमुनागतीत दशलक्षात वीस इतका क्षुल्लक फरक असला तरी तासाभरात पट्ट्या ७२ मिलिसेकंदांनी सरकतात. आरंभीची टाळी जुळली म्हणून शेवट जुळेलच असे नाही. संपादक मग मधूनमधून पट्टी ओढून बसवतो. हे सर्व कुशलतेने केले तर श्रोत्याला काहीच जाणवत नाही. किंबहुना जाणवू नये हेच कौशल्य मानले जाते. या जुळवणीत लबाडी नाही. पण श्रोता जो संवाद ऐकतो तो बोलणाऱ्या दोघांपैकी कोणीही ऐकलेला नसतो, ही वस्तुस्थिती मुलाखतीवर लिहिणाऱ्या समीक्षकाने गृहीत धरलीच पाहिजे. 'या प्रश्नावर ते क्षणभर थबकले' असे विधान दूरस्थ मुलाखतीवरून करताना तो क्षण कोणाचा होता, याची खात्री कोणी द्यावी?

हुंकाराचे काय होते?

विलंबाने संवादाची लय बिघडते, तर संपादनाने त्यातला एक संपूर्ण घटकच नाहीसा होतो. तो घटक म्हणजे ऐकणाऱ्याचा हुंकार.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर इंग्वे यांनी १९७० मध्ये ऐकणाऱ्याच्या अशा लहान प्रतिसादांसाठी 'बॅक चॅनेल' ही संज्ञा वापरली. मराठीला संज्ञेची वाट पाहावी लागली नव्हती. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असे. हुंकार थांबला की आजी समजे, पोर झोपले. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी असतात, पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी. 'जी जी रं जी' हा झीलकऱ्यांचा घोष शाहिराला श्वास घ्यायला जागा देतो, आणि कथेतला एक टप्पा श्रोत्यांच्या वतीने मान्यही करतो. पिराजीराव सरनाईकांसारख्या शाहिरांच्या कोल्हापुरात हे वेगळे पटवून देण्याची गरज नाही. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनातही सभागृहाचे हसणे हा सांगण्याचा भाग होता. कुठे थांबायचे ते सांगणारा त्या हसण्यावरून ठरवी.

कोल्हापुरी बोलण्यात तर एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवणे हे आपुलकीचे लक्षण मानले जाते. 'व्हय की', 'तर काय', 'मग सांग की' असे मधूनमधून टाकले नाही तर बोलणाऱ्याला वाटते, समोरच्याचे लक्ष नाही किंवा याला काही पटलेले नाही. पुस्तकी शिष्टाचारात ज्याला मध्ये तोंड घालणे म्हणतात, ते येथे सोबत करणे असते.

दूरस्थ मुलाखतीत या हुंकारावर तीन ठिकाणी गदा येते. पहिली जोडणीतच. प्रतिध्वनी आणि गोंगाट दाबणारी प्रक्रिया दोघे एकदम बोलू लागले की बहुधा एकाला खाली ढकलते. मुलाखतकाराचा 'हं' पाहुण्यापर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचला तर उशिरा, पुढच्याच शब्दावर येऊन आदळतो आणि पाहुणा 'काय म्हणालात?' म्हणून थांबतो. दुसरी गदा मुलाखतकार स्वतःच आणतो : या त्रासामुळे तो गप्प राहण्याची सवय लावून घेतो, नवोदितांना तसे शिकवलेही जाते. तिसरी संपादनाच्या टेबलावर. मुलाखतकाराची पट्टी वेगळी असल्यामुळे पाहुणा बोलत असताना ती सरसकट मुकी करणे एका कृतीचे काम आहे. त्याने खोकला, पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न जातो आणि त्यांच्यासोबत हुंकारही जातो. तंत्रज्ञाच्या दृष्टीने या सर्वांची किंमत सारखीच.

परिणामी पाहुणा पोकळीत बोलतो आहे असे ऐकू येते. गप्पांचे व्याख्यान होते. 'तुम्हाला सांगतो', 'बघा की', 'आता तुम्हीच म्हणा' ही समोरच्याला हाक देणारी शब्दरूपे पट्टीवर शिल्लक राहतात, पण त्या हाकांना ओ देणारे कोणी नसते. ज्या हाकेला हुंकार मिळाला होता ती न मिळालेली वाटते आणि बोलणारा माणूस आहे त्याहून आत्ममग्न, कधी बढाईखोरही वाटू लागतो. विशेषतः वयस्क, ग्रामीण, सभाशास्त्राची सवय नसलेल्या पाहुण्यावर हा अन्याय अधिक होतो. व्याख्यानाची सवय असलेला प्राध्यापक हुंकाराशिवायही तासभर बोलतो. (त्याला वर्गात तसेच बोलावे लागते, हा भाग वेगळा.) घरात गोष्टीवेल्हाळ असलेली, पण हुंकारावर बोलणारी बाई मात्र तीन वाक्यांत आटोपते आणि मग 'त्यांच्याकडे सांगण्यासारखे फारसे नव्हते' असा निष्कर्ष काढला जातो.

पाहुण्याच्या स्वतःच्या पट्टीवरही स्वच्छतेची मोहीम चालते. 'अं', 'म्हणजे', 'काय झालं की' हे शब्द उचलून टाकले जातात. इंग्रजीपुरते तरी हे काम आता एका कळीसरशी करणारी साधने आहेत. पट्टी स्वतंत्र आणि पार्श्वभूमी निर्मळ असल्यामुळे एखादे वाक्य मागाहून पुन्हा वदवून घेऊन जुन्या जागी बसवणेही सोपे होते. येथे बोलीचा प्रश्न येतो. कोल्हापूर परिसरात स्त्रिया स्वतःविषयी 'मी आलो', 'मी गेलो' असे पुल्लिंगी रूप वापरतात. बाहेरच्या संपादकाला ती चूक वाटू शकते आणि स्वतंत्र पट्टीवर ती 'सुधारणे' दोन मिनिटांचे काम आहे. छापील मुलाखतीत अशी सुधारणा पूर्वीही होत असे. पण छापील शब्दाला प्रमाण रूप दिलेले असणार, हे वाचक जाणून असे. ध्वनिमुद्रण ऐकताना तशी शंका कोणी घेत नाही. लोक कानाने ऐकलेल्याला पुरावा मानतात, म्हणून या सुधारणेचे गांभीर्य अधिक.

याचा अर्थ स्वतंत्र पट्ट्या टाकून पुन्हा एका माइककडे वळावे असा नाही. एका खोलीत होणाऱ्या, कॅमेऱ्यासमोरच्या मराठी पॉडकास्टमध्येही, 'अमुक तमुक'सारख्या वाहिन्यांवरील गप्पांत, प्रत्येकासमोर आपापला माइक असतो. पण तेथे एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचे हसू शिरतेच, आणि दिसणारा चेहरा मान डोलावून हुंकाराचे काम काही अंशी भागवतो. केवळ ऐकण्याच्या दूरस्थ मुलाखतीला ही दोन्ही संरक्षणे नाहीत. म्हणून तिच्या संपादनात हुंकाराला गोंगाटापासून निराळे धरणे, मुलाखतकाराची पट्टी मुकी न करता तिचा आवाज केवळ खाली ठेवणे आणि पाहुण्याचे वाक्य बदलले असल्यास तसे निवेदनात सांगणे, हे किमान पथ्य मानले पाहिजे. यातले काहीही तंत्रज्ञानाला अवघड नाही. अवघड आहे ते संपादकाच्या रुचीला, कारण नभोवाणीच्या आणि सभागृहाच्या संस्काराने घडलेली ही रुची एकट्या, सलग, निर्विघ्न आवाजालाच चांगला आवाज समजते.

पाठभेदांची जुनी शिस्त

अनेकांच्या तोंडून आलेले कथन एकत्र करताना काय राखावे, हा प्रश्न मराठीला नवा नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन आठवणी मिळवल्या आणि त्यांतून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. महानुभाव परंपरेने या आठवणींतील भेद सरसकट एकजीव केले नाहीत. निरनिराळ्या व्यक्तींच्या आणि परंपरांच्या पाठांतील फरक 'वासना' म्हणून नोंदवले. मूळ ग्रंथ एकसंध वाचता यावा आणि भेदही हरवू नयेत, ही दुहेरी सोय त्यात आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर जुळवलेले मुद्रण हा पाठ आणि न जुळवलेल्या पट्ट्या या वासना.

स्वतंत्र पट्टीचा सर्वांत मोठा लाभ येथे आहे आणि तो बहुधा वाया जातो. एका माइकच्या मुद्रणातून दोन आवाज मागाहून पूर्ण वेगळे काढणे कठीण असते. स्वतंत्र पट्ट्या असतील तर भावी अभ्यासक हवी तशी जुळवणी करून पाहू शकतो : पाहुण्याच्या कानाने, मुलाखतकाराच्या कानाने, हुंकारासह, हुंकाराविना. पण कार्यक्रम प्रसारित झाला की मूळ पट्ट्या जागा अडवतात म्हणून पुसल्या जातात आणि उरतो तो एकत्र केलेला, दाबून लहान केलेला ध्वनी. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत मुलाखतींची जी ध्वनिफीत म्हणून नोंद होते ती हीच. पदव्युत्तर वर्गात हस्तलिखितांचे पाठभेद शिकवणाऱ्या विभागाने आपल्याच प्रकल्पातील हस्तलिखित फाडून केवळ छापील प्रत ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

जतनाचा हा प्रश्न जात्यावरच्या ओव्यांपाशी अधिक गुंतागुंतीचा होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतील अनेक ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. ओवीत एक बाई उचलते, दुसरी धरते आणि दोघींच्या खाली जात्याची घरघर सतत चालू असते. हीच ओवी आजच्या दूरस्थ साधनातून, त्याच्या ठरीव मांडणीनिशी मागवली तर गोंगाट दाबणारी प्रक्रिया जात्यालाच गोंगाट समजेल, कारण अखंड एकसुरी घरघर दाबण्यासाठीच ती केलेली आहे. ही प्रक्रिया बंद करण्याची सोय काही साधनांत आहे. टाळेबंदीत संगीत शिकवणाऱ्यांना ती शोधून काढावी लागली. मौखिक साहित्याचे मुद्रण करणाऱ्यांपर्यंत ही माहिती पोहोचली पाहिजे. शिवाय येथे मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो : दोघी एकाच जात्यावर बसल्या असताना त्यांना वेगळ्या पट्ट्यांवर घेण्याचा हट्ट तरी का धरावा? तेथे एक चांगला माइक, योग्य अंतरावर, हेच मुद्रण अधिक प्रामाणिक ठरेल. पट्ट्यांची संख्या साधनात किती सोय आहे यावरून ठरवू नये. मुद्रित होणारा प्रकार किती जणांचा मिळून एक आहे, हे पाहून ठरवावी.

पोवाड्याच्या बाबतीत हा प्रयोग टाळेबंदीत होऊनच गेला आहे. घरोघरी अडकलेल्या गायक-वादकांनी आपापला भाग वेगळा मुद्रित करून जोडलेल्या अनेक चित्रफिती २०२० मध्ये प्रसृत झाल्या. जोडणीवरून एकत्र गाणे शक्यच नव्हते. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडे, म्हणजे मैदानात दहा मीटरांपलीकडे उभ्या असलेल्याचा आवाज पोहोचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या पुढे, लय सांभाळणे वादकांना जड जाऊ लागते. इंटरनेटचा विलंब त्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे अशा जोडकामात आधी शाहिराने एकट्याने गायचे, ते मुद्रण झीलकऱ्यांकडे जायचे आणि त्यांनी आपापल्या खोलीत कानात इअरफोन घालून त्यावर झील धरायची. झील ठरल्या जागी, सुरात पडते. पण शाहीर गात असताना ती त्याला ऐकू आलेली नसते. झील येईल अशा अंदाजाने तो मात्रा मोजून थांबलेला असतो. झीलकऱ्यांच्या पट्ट्या बंद करून त्याची एकट्याची पट्टी ऐकली तर ते मोजून थांबणे स्पष्ट ऐकू येते.